सीट कव्हरसोबत फुकट मिळालेली क्लिप
नागपुरातील कार ॲक्सेसरीजचे दुकानदार आणि त्यांच्याकडील फिटर मंडळींना खुले पत्र

दुकानदार भावांनो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले असेल, नाव माहीत असायचे कारण नाही. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. ठोकलेली गाडी टोचन लावून वर्कशॉपात आली की टॉर्च आणि फाईल घेऊन तिच्याभोवती गुडघ्यांवर रांगणारा, ‘हे बदला, हे ठोकून सरळ होते’ असे सांगून मालक आणि डेंटर या दोघांच्याही शिव्या खाणारा माणूस. बावीस वर्षे झाली. एमएच ३१, एमएच ४९, एमएच ४०, तिन्ही पाट्यांच्या गाड्या मी आतून पाहिल्या आहेत.

मालक मला सांगतो, ‘चाळीसच्याच स्पीडने होतो साहेब, बेल्टही लावला होता.’ मी मान डोलावतो आणि गाडीत डोकावतो. समोरच्या काचेवर आतून बाहेर फुगलेले कोळ्याचे जाळे दिसले, की तिथे डोके लागले हे कळते. स्टीयरिंगची रिंग वरून पुढे वाकलेली असेल तर छाती आदळलेली. आणि सगळ्यांत पक्की साक्ष बेल्टची. माणसाने बेल्ट लावला असेल तर धडकेत पट्टा खांद्याजवळच्या कडीतून घासत जातो, तिथे त्याच्यावर चकाकी येते, कधी कडीचे प्लास्टिक वितळल्याची खूण राहते. शिवाय ताणयंत्र, ज्याला तुम्ही-आम्ही प्रिटेन्शनर म्हणतो, ते एकदा उडाले की पट्टा जिथे असेल तिथेच अडकून बसतो. लावलेला असेल तर सैल, बाहेर लोंबत. लावलेला नसेल तर पिलरला चिकटून, ओढला तरी बोटभर येत नाही.

गेल्या मे महिन्यात बुटीबोरीकडून आलेली एक गाडी पाहिली. दुभाजकाच्या तोंडावर सरळ गेली होती. समोरच्या दोन्ही एअरबॅगा उघडून लोंबत होत्या, डॅशबोर्डवर त्यांची पांढरी पूड सांडलेली. दोन्ही बेल्ट पिलरला घट्ट. आणि दोन्ही बकलांमध्ये बेल्टच्या जागी काळ्या प्लास्टिकच्या, गाडीच्या कंपनीचा शिक्का मारलेल्या दोन चपट्या क्लिपा, बेल्ट न लावताही त्याचा इशाऱ्याचा आवाज बंद ठेवणाऱ्या. त्या तशाच काढून खिशात ठेवल्या.

क्लेम फॉर्मवर सही घ्यायला दवाखान्यात गेलो तर गाडीचा मालक जबडा बांधून बसला होता. बायको शेजारच्या वॉर्डात होती. मला पाहताच तोंडातल्या तोंडात म्हणाला, “एअरबॅग उघडली म्हणून तर थोबाड फुटलं, साहेब. कंपनीवर केस टाकतो मी.”

“बेल्ट होता?”

“होता ना. नाहीतर टुंग टुंग नसतं वाजलं काय?”

मी क्लिप काढून चादरीवर ठेवली. बराच वेळ तो तिच्याकडे पाहत राहिला.

“ही कुठून घेतली?”

“घेतली नाही बापा. सीट कव्हर बसवले तवा भेटली. फ्री.”

त्याने दुकानाचे नावही सांगितले. ते लिहीत नाही, कारण हा अनुभव एकट्या त्याचा नाही. पुढच्या महिनाभरात मी शहराच्या चार टोकांच्या दुकानांत जाऊन ‘बेल्टचा आवाज बंद करायचं काही आहे का?’ असे विचारून पाहिले. चारही ठिकाणी काऊंटरवरच्या पोराने मान वर न करता ड्रॉवर उघडला. एकाने विचारले, “जोडी देऊ काय?”

त्या खाटेजवळ बसून मालकाला जे सांगितले, तेच तुम्हाला सांगतो. तुम्ही गाड्यांत मुरलेली माणसे आहात, त्यामुळे लवकर कळेल.

गाडी आदळते तेव्हा धडक एकच दिसते, पण होतात तीन. आधी गाडी थांबते. मग आतला माणूस थांबतो. आणि मग माणसाच्या आतले काळीज, यकृत, मेंदू थांबतात. या तिन्हींना थांबायला जितका जास्त वेळ आणि जितकी जास्त जागा मिळेल, तितका मार कमी. गाडीच्या सुरक्षेची सारी विद्या या एका ओळीत मावते. बंपरमागचा बीम, त्याच्या मागचे डबे, मग लाँग मेंबरचा, म्हणजे चेसिसच्या लांब दांड्याचा, पुढचा भाग, हे सगळे ठरवून चुरगळण्यासाठी बनवलेले असते. बेला बारेनी नावाच्या इंजिनियरने मर्सिडीजमध्ये असताना १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला या कल्पनेचे पेटंट घेतले: पुढचे-मागचे अंग मऊ, माणसे बसतात तो पिंजरा कडक. आजही ठोकलेली गाडी पाहून लोक म्हणतात, ‘पत्रा पाहा कसा कागदासारखा गेला, जुन्या ॲम्बेसिडरला ओरखडा येत नव्हता.’ हो, येत नव्हता. जो दणका पत्र्याने खायचा तो आतल्या माणसाला बसत होता.

आता वेळेचा हिशेब. धडक बसल्यापासून साधारण १५ ते ३० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास, गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो की हा खड्डा नाही, ही धडक आहे. तो आधी प्रिटेन्शनर उडवतो. बारीकशी दारू पेटते आणि बेल्ट काही सेंटीमीटर मागे खेचला जाऊन माणूस सीटला आवळला जातो. त्याच सुमारास एअरबॅग फुगायला लागते आणि ५०-६० मिलिसेकंदांच्या आत पूर्ण फुगते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. फुगली की लगेच तिच्या मागच्या भोकांतून हवा सुटू लागते, म्हणजे माणूस भरलेल्या टायरवर आदळल्यासारखा उलटा उडत नाही, बसत्या गादीत रुतत जातो. बेल्टमध्ये आणखी एक खुबी असते, लोड लिमिटर: बरगड्या मोडण्याइतका ताण आला की तो पट्टा थोडा सोडतो. आवळायचे, मग थोडे सोडायचे, तेवढ्यात गादी समोर हजर. दीडशे मिलिसेकंदांत खेळ आटोपतो.

सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: माणूस सीटला बांधलेला आहे, आणि त्याची छाती स्टीयरिंगच्या मध्यापासून निदान २५ सेंटीमीटर, वीतभराहून थोडी जास्त, लांब आहे. एअरबॅगवर जी अक्षरे कोरलेली असतात, एसआरएस, त्यातला पहिला शब्दच ‘सप्लिमेंटल’ आहे. पूरक. बेल्टला पूरक. बेल्ट न लावलेला माणूस ब्रेक लागताच पुढे सरकलेला असतो. बॅग फुगत असतानाच त्याचे तोंड तिच्यावर येते, आणि फुगणारी बॅग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात बाहेर येत असते. गादी मिळायच्या ऐवजी थप्पड मिळते. माझ्या त्या मालकाचे नेमके हेच झाले.

क्लिपचा दुसरा गुन्हा याहून बारीक आहे. अनेक गाड्यांत बकलची खबर एअरबॅगच्या कॉम्प्युटरलाही जाते. बेल्ट नसलेल्या माणसासाठी बॅग कधी उघडायची याचा हिशेब वेगळा, बेल्ट लावलेल्यासाठी वेगळा. क्लिप घातली की गाडीला खोटी खबर जाते आणि ती चुकीच्या माणसासाठी निर्णय घेते. ज्या सेकंदाला गाडीने तुमच्या गिऱ्हाइकाला वाचवायचे, त्या सेकंदासाठी तुम्ही तिला आधीच फसवून ठेवलेले असते. दोनशे रुपयांत. किंवा फुकट.

तुमचे उत्तर मला ठाऊक आहे, काऊंटरवर बसून ऐकले आहे: “गिऱ्हाईक मागते, आमी देतो. आमी नाही दिलं तर बाजूचा देईन. ऑनलाइन बी भेटते.” ऑनलाइनचे तर ऐकाच. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री गेले, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर. गाडी महागडी, परदेशी. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट नव्हता. त्यानंतर देशभर या विषयाची चर्चा झाली आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ई-कॉमर्स कंपन्यांना या क्लिपा विकणे थांबवायचा आदेश दिला. १३,११८ जाहिराती त्यांनी उतरवल्या. म्हणजे अडचणीची वस्तू म्हणून जी मोबाईलवरून हटवायला लावली, ती तुमच्या ड्रॉवरमध्ये अजून जोडीने मिळते.

दुसरे उत्तर: “सिटीत कुठं गरज पडते साहेब? हायवेवर लावतातच सगळे.” पहिले म्हणजे, क्लिप बकलमध्ये असेल तर हायवेवरही कोणी काढत नाही, मी पाहिले आहे. दुसरे, शाळेतले भौतिकशास्त्र थोडे आठवा. ताशी ४० किलोमीटरने भिंतीवर आदळणे म्हणजे सव्वासहा मीटरवरून खाली पडणे. म्हणजे दुसऱ्या माळ्याच्या गॅलरीतून. ५० ला ते जवळपास दहा मीटर होते. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांवर रात्री दहानंतर ४० ने कोण चालवतो, छत्रपती चौकात उभे राहून मोजा. दुसऱ्या माळ्यावरून पडताना हाताने सावरून घेईन असे कोणी म्हणत नाही, गाडीत मात्र सगळेच म्हणतात.

देशाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक अपघातांत मेल्याची नोंद आहे. त्यातले ८,३८४ चालक आणि ८,३३१ शेजारी-मागे बसलेले. जवळपास अर्धे-अर्धे. चालकाला पोलिसाची तरी भीती असते. प्रवाशाच्या वाटेत तर आपण स्वतःच अडथळे उभे करून ठेवले आहेत, आणि आता त्यावर येतो, कारण माझ्या मते क्लिपपेक्षाही मोठे नुकसान इथे होते आहे.

मागच्या सीटच्या बकला.

गाडी कंपनीतून निघते तेव्हा मागे तीन बकला वर असतात. तुमच्याकडे कव्हर बसले की त्या गायब. फिटर पोरगा सीटचा बूड उचलतो, बकला खाली ढकलतो, वरून कव्हर ताणून हुक लावतो. फिनिशिंग काय सुंदर येते! मालक हात फिरवून खूश, पोरगा दोनशेची बक्षिसी घेऊन खूश, आणि तीन बेल्टांना आता कडीच नाही. पुढची सात-आठ वर्षे आजी, नातवंडे, लग्नाला निघालेल्या मावश्या, सगळ्या त्या गुळगुळीत कव्हरावर बिनबेल्टच्या बसतात. कोणी मनापासून लावायचे म्हटले तरी कव्हराखाली हात घालून शोधावे लागते, आणि मिळते ते गेल्या दिवाळीतले चिवड्याचे शेंगदाणे.

मागे बसणाऱ्याने बेल्ट लावणे मोटार वाहन नियमांत सक्तीचे आहे, केंद्राच्या कायद्यात पुढच्यासारखाच हजाराचा दंड आहे, हे सांगून कोणाला फरक पडत नाही, म्हणून दुसरे सांगतो. मागचा सत्तर किलोचा माणूस बांधलेला नसेल तर पन्नासच्या धडकेत तो जवळपास टनभराच्या जोराने पुढच्या सीटच्या पाठीवर येतो. पुढच्याने बेल्ट लावला असला, एअरबॅग वेळेवर उघडली असली, तरी मागून हा गोळा. अशा दोन गाड्या माझ्या फायलीत आहेत, जिथे पुढच्या सीटची पाठ पुढे वाकून स्टीयरिंगकडे गेली होती. पुढून काहीच घुसले नव्हते.

कव्हराचाच विषय निघाला तर साइड एअरबॅगही घ्या. आता मधल्या किमतीच्या गाड्यांतही सहा एअरबॅगा येतात. सक्तीच्या आहेत त्या समोरच्या दोन (चालकाची जुलै २०१९ पासून, शेजारच्याची २०२१ पासून), पण गिऱ्हाईक आता सहा मागतो, कंपन्या देतात. त्यातल्या दोन पुढच्या सीटांच्या दाराकडच्या कडेत शिवलेल्या असतात. तिथे एक छोटा टॅग असतो, ‘एअरबॅग’ लिहिलेला. कंपनी त्या जागी मुद्दाम कच्चा दोरा घालते, म्हणजे बॅग शिवण उसवून बाहेर येईल. बाजूने धडक बसली की गाडीकडे चुरगळायला जागाच नसते, दार आणि बरगडी यांत जेमतेम वीतभर अंतर, त्यामुळे ही बॅग समोरच्यापेक्षाही लवकर उघडावी लागते. आणि आपण त्यावर जाड आर्ट लेदरचे कव्हर पक्क्या नायलॉन दोऱ्याने दुहेरी शिलाई मारून चढवतो. बॅग आत फुगते आणि फाडायला वाट शोधत बसते. कडेला उघडी शिवण असलेली कव्हरे मिळतात. थोडी महाग पडतात, थोडी कमी गुळगुळीत दिसतात. ती मागवा, नाहीतर अशा सीटांना पाठीचे कव्हर घालू नका आणि गिऱ्हाइकाला का ते सांगा. तो टॅग कव्हराखाली झाकला गेला, की तुम्ही चूक केली हे ओळखायला सर्व्हेअर लागत नाही.

पुढचे गार्ड, म्हणजे बंपरपुढे लावलेला लोखंडी सांगाडा. हे आता पूर्वीइतके दिसत नाही, पण कोराडी रोडला आणि उमरेड रोडला अजून खूप दिसते. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना पत्र पाठवले की हे क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, कारवाई करा. ज्या मंत्रालयाने पाठवले त्याचे मंत्री आपल्याच शहराचे खासदार, आणि गार्ड सर्वांत जास्त मिरवणाऱ्या गाड्यांवर पक्षांचेच झेंडे, हे आपले मी जाता जाता बोललो. गार्ड नको म्हणण्याचे कारण कायद्यापेक्षा सोपे आहे. गार्डचे पाय थेट लाँग मेंबरला बोल्ट केलेले असतात. म्हणजे चुरगळायला ठेवलेले डबे वगळून दणका सरळ चेसिसमध्ये जातो. सेन्सरला मिळणारा झटकाही बदलतो, कंपनीने ज्या झटक्यावर एअरबॅगची वेळ बसवली तो हा नव्हे. रस्त्यावरच्या सायकलवाल्याचे, पायी माणसाचे काय होते ते वेगळेच. बंपर वाचवायला लावता ना? बंपरचे पैसे आम्ही देतो. तो आमचाच धंदा आहे.

इथे धडक चाचणीत गाडीला मिळणाऱ्या स्टारबद्दल बोलायला हवे, कारण नागपूरकर हल्ली गाडी घेताना आधी स्टार विचारतो आणि मला त्याचा आनंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये गडकरींनी भारत एनकॅप सुरू केले, आपल्या गाड्यांची धडक चाचणी आपल्याच देशात. समोरची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते, गाडीचा चालकाच्या बाजूचा ४० टक्के भाग एका चुरगळणाऱ्या अडथळ्यावर आदळवतात. आत पुतळे असतात, त्यांच्या डोक्यात, छातीत, मांड्यांत सेन्सर. त्या पुतळ्यांनी बेल्ट लावलेले असतात. गाडीला गार्ड नसते. सीटवर तुमचे कव्हर नसते. तुमच्या दुकानात दोन तास थांबून बाहेर पडलेल्या पाच स्टारच्या गाडीला किती स्टार उरले, याची चाचणी कोणी करत नाही. ती आमच्याकडे वर्कशॉपात होते.

डॅशबोर्डाचे सांगताना जरा जपून लिहितो, कोणाचे मन दुखवायचे नाही. आपल्याकडे गाडीत टेकडीचा गणपती असतो, गजानन महाराज असतात, ताजुद्दीन बाबा असतात, बुद्धमूर्ती असते. माझ्याही गाडीत महाराज आहेत. पण शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डावर जिथे एअरबॅगची खूण कोरलेली आहे, ते झाकण आहे. ते उघडते तेव्हा त्यावर दुतर्फी टेपने चिकटवलेली पितळी मूर्ती कुठे जाईल याचा विचार करा. देवाला मधोमध, एसीच्या जाळीखाली बसवा, फोटो असेल तर उत्तम. अत्तराची काचेची बाटली मात्र नको, कुठेच नको. मॅटवर मॅट टाकून ब्रेकखाली सरकणारी गादी नको. मागचे दिसत नाही म्हणून मागच्या सीटांच्या हेडरेस्ट काढून डिक्कीत टाकणाऱ्यांना त्या परत लावून द्या, मागून धडक बसली की मान वाचवणारी ती एकच गोष्ट असते.

पोरांचे काय? नागपुरात मी मुलांची सीट शोधायला निघालो, नातीसाठी, तेव्हा सहा दुकाने फिरलो. पाच ठिकाणी “ऑर्डर द्यावी लागेल” असे ऐकले. सहाव्याने विचारले, “मांडीवर नाही बसत काय?” बसते. दहा किलोची आहे. पन्नासच्या धडकेत ती दीडशे किलोच्या जवळ जाते, आणि माझ्या सुनेचे दोन हात दीडशे किलो धरू शकत नाहीत. कोणाचेच धरू शकत नाहीत. आईच्या मांडीवर पुढच्या सीटवर तर आणखी वाईट: बॅग आणि आई यांच्या मध्ये लेकरू. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत मुलांची सीट अडकवायच्या लोखंडी कड्या असतात, आयसोफिक्सच्या. बहुतेक मालकांना त्या कशाच्या हे माहीतच नाही, आणि तुमच्या कव्हराखाली त्याही पुरल्या गेलेल्या असतात. भारत एनकॅपच्या चाचणीतही दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांचे पुतळे अशाच सीटवर बसवतात. तान्ह्या मुलाची सीट मागे तोंड करून, मागच्याच सीटवर. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही. धंद्याचेच बोलायचे तर क्लिपमध्ये तुम्हाला किती सुटतात? शंभर? दोन चाइल्ड सीटा काऊंटरवर मांडून ठेवा, गिऱ्हाईक विचारेल. मी तरी विचारीन.

आता माझी कबुली, नाहीतर हे पत्र म्हणजे पाटलाचा उपदेश होईल. आमच्या पहिल्या गाडीत मी स्वतः सात वर्षे मागच्या बकला पुरलेल्याच ठेवल्या होत्या. रोज ठोकलेल्या गाड्या पाहणारा माणूस. बायको मे महिन्यात म्हणायची, ‘ती कडी उन्हानं तापते, साडीवर पट्टा नाही धकत,’ आणि मी पट्टा पाठीमागून नेऊन बकलमध्ये घालून द्यायचो, आवाज बंद. तुमची क्लिप विकत घेतली नाही एवढेच. पंचेचाळीसच्या उन्हात रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीची बकल खरोखर चटका देते, हे मी नाकारत नाही. तिच्यावर जुना रुमाल टाकून ठेवायचा, एवढाच उपाय आहे आणि तो फुकट आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हे सगळे ठीकठाक असले तरी गाडीला सीमा आहेत. समृद्धी सुरू झाल्यापासून शिवमडक्याहून शंभर-एकशेवीसने शिर्डी गाठणारे खूप झाले. एकशेवीसची मर्यादा म्हणून एकशेवीस चालवायचेच असे नव्हे. चौसष्टच्या चाचणीच्या मानाने एकशेवीसला गाडीतली ऊर्जा साडेतीन पट असते. तिथे टणक अडथळ्यावर सरळ आदळलात तर पाच स्टारही काही करू शकत नाहीत. पण बहुतेक धडका सरळ, पूर्ण वेगाने होत नसतात. ब्रेक लागतो, गाडी घासते, वेग उतरतो आणि मग आदळते. त्याच उरलेल्या धडकेत बेल्ट माणसाला घरी आणतो, किंवा बेल्ट नसल्याने आणत नाही. पुढे बसणाऱ्याचा मरणाचा धोका बेल्टने जवळपास निम्मा होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या फायली त्याच्या विरोधात जात नाहीत.

तुमच्यातल्या ज्यांचे डेंटिंग-पेंटिंगही आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी. उघडलेली एअरबॅग परत घडी घालून बसवता येत नाही, उडालेला प्रिटेन्शनर दुरुस्त होत नाही. त्यांच्या जागी छोटा रेझिस्टर लावून, सगळे शाबूत आहे असे गाडीला भासवून, लाल दिवा विझवणारे हात या शहरात आहेत, मला माहीत आहेत, त्यांनाही मी माहीत आहे. जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांनो, चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून मग विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर गाडी तिथेच सोडून या.

तर माझे मागणे. ड्रॉवरमधल्या क्लिपा बाहेर काढा आणि भंगारात घाला, परत मागवू नका. ‘फ्री’ म्हणून तर बिलकूल देऊ नका, कारण ती फुकट दिली की गिऱ्हाइकाला वाटते दुकानदाराने भल्यासाठी दिली. फिटर पोरांना सांगा, कव्हर बसवताना तीनही बकला आणि आयसोफिक्सच्या कड्या वर राहिल्या पाहिजेत, कव्हराला चिरा पाडून बाहेर काढा, दिसायला थोडे वाईट दिसले तरी चालेल. साइड एअरबॅगचा टॅग दिसत राहू द्या. गार्ड विकणे थांबवा.

येत्या शनिवारी दुपारी मी माझी गाडी घेऊन तुमच्यापैकीच एकाकडे येणार आहे. गाडी नवी आहे, शोरूममधून कव्हर बसूनच आली, आणि मागच्या तीनही बकला खाली आहेत. दोन्ही कड्याही. नातीची सीट ऑर्डर केली होती, ती आली आहे. ती डिक्कीत असेल. पोराला ब्लेड तयार ठेवायला सांगा. मजुरी जी असेल ती देतो, चहा माझ्याकडून.

आपला,
एक मोटार सर्व्हेअर
नागपूर